तेवीस तारखेचे चार तास

१

नोटीस दोन पानांची होती आणि तिला टाचणीने एक फोटो लावलेला होता. फोटोत राखी राठोड भावाच्या वरातीत नाचत होती. मागे मांडव, मांडवाला बांधलेला फ्लेक्स, फ्लेक्सवर नवरदेव भारतचं नाव आणि तारीख : २३ नोव्हेंबर.

इंदुताईंनी नोटीस वाचली, फोटो पाहिला आणि नोटीस पुन्हा वाचली. एसटीच्या वेतन शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईची ती सवय होती. कागद दोनदा वाचल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत.

"चहा घे आधी," त्या म्हणाल्या.

राखी दिग्रसजवळच्या तांड्यावरून सकाळच्या गाडीने नेरला आली होती. तिचे वडील देवसिंग एसटीत ड्रायव्हर होते, तेव्हापासूनची ओळख. राखी विमानात केबिन क्रू म्हणून लागली. दोन वर्षांपूर्वी तिच्या युनियनने कंपनीशी पगाराचा नवा करार केला, तेव्हा ती चौसष्ट पानांचा कागदांचा गठ्ठा घेऊन याच खोलीत बसली होती. "मावशी, याच्यात माहा पगार कोठी लपला हाये, थे सांगा," असं तिने विचारलं होतं.

इंदुताईंनी पेन्सिल घेऊन पंधरा दिवस तो करार वाचला. भाषा इंग्रजी होती, पण आतलं दुखणं ओळखीचं निघालं. ड्रायव्हरची ड्युटी गाडी डेपोतून निघाली तेव्हापासून धरायची की फलाटावर लागली तेव्हापासून, यावर त्यांनी उभी हयात भांडणं पाहिली होती. इथे विमानाचं दार होतं, एवढाच फरक. दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतचे तास पगाराचे. विमानतळावर स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी कोणी लागलं तर म्हणून, बसवलं आणि उड्डाण मिळालंच नाही, तरी चार तास पगाराचे. दोन ड्युट्यांमध्ये बारा तासांची विश्रांती मिळाली नाही, तर विश्रांतीभंगाचा तीन तासांचा भत्ता वेगळा.

राखीने मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी आणखी कोणाला. आता दर रविवारी दहा ते एक इंदुताईंचा फोन चालू असे. नागपूर, हैदराबाद, कोची, कुठून कुठून पोरंपोरी आपल्या पगाराची स्लिप पाठवत आणि इंदुताई ती ओळीओळीने उलगडून सांगत. स्लिपची शेवटची ओळ सगळेच वाचतात. त्या पहिलीपासून वाचायला लावीत.

चहा संपला तशी राखी बोलली.

"तेवीसले माही स्टँडबाय होती, दोन ते आठ. पण भारतचं लग्न. म्हणून मी बबितासंगं अदलाबदल केलती. तिची सुट्टी मले, माही स्टँडबाय तिले. फोनमधल्या ॲपवर अर्ज टाकला, मंजूर झाला. मी लग्नाले गेली, ती बसली. आता कंपनी म्हणते, ड्युटी तुहीच होती. तू बसली नाही आणि चार तासाचा पगार घेतला."

"अर्ज दाखव ना मंग त्याइले."

"ॲपवर चालू महिनाच दिसते, मावशी. नोव्हेंबर गेला. कंपनीच्या रेकॉर्डवर अदलाबदलच नाही."

"विमानतळाच्या गेटवर कार्ड लागते ना?"

"थे रेकॉर्ड विमानतळाचं. अर्ज केला तर पंधरा-वीस दिवस लागतात म्हणे. मले सस्पेंड केलं, चौकशी पंधरा तारखेले हाये." आज दहा होती. "खोटी हजेरी म्हणून काढलं, तर दुसरी कोणतीच कंपनी घेत नाही."

"बबिता काय म्हणते?"

राखीने कपाची कड बोटाने पुसली.

"बबिता म्हणते, मी त्या दिवशी बसलीच नाही."

२

इंदुताईंनी राखीची नोव्हेंबरची स्लिप समोर घेतली. सात डिसेंबरला आलेली. तेवीस तारखेच्या ओळीत चार तास होते आणि चाराच्या डोक्यावर बारीक तारा.

ताऱ्याचा अर्थ कराराच्या शेवटल्या पानावर होता : गेटच्या मशीनवरून न आलेली, हाताने केलेली नोंद.

नोटिशीत आणखी एक गोष्ट होती. निनावी पत्र आणि फोटो कंपनीच्या हैदराबाद ऑफिसला तीन डिसेंबरला मिळाले होते. इंदुताईंनी ती तारीख वहीत उतरवून घेतली.

नागपूर बेसचं रोस्टर, म्हणजे कोणी कधी कुठे उडायचं त्याचं वेळापत्रक, एकटा अमर पाहत असे. अमर म्हणजे गल्लीतल्या समोरच्या घरातल्या किसनरावांचा मुलगा. किसनराव एसटीत कंट्रोलर होते आणि त्यांच्या हातच्या ड्युटी रजिस्टरवर खाडाखोड कधी कोणी पाहिली नव्हती. अमर आठवड्याच्या सुट्टीला घरी आला होता. इंदुताई चप्पल घालून समोर गेल्या.

"या काकू," अमरने खुर्ची पुढे केली. "राखीसाठी आल्या असान. मले बी वाईट वाटते. पण रेकॉर्डपुढे मी काय करू?"

"रेकॉर्ड तूच ठेवतं ना बाबू?"

"मी ठेवतो. त्याच्यात अदलाबदल नाही. पोरी तोंडातोंडी ठरवतात आणि मंग मंजूर झालं म्हणतात."

"तिच्या नोंदीवर तारा कायचा?"

 "त्या दिवशी दुपारी गेटचं मशीन बंद होतं. असं झालं की कागदावर नोंद करतो. पण काकू, करारच पाहा ना तुमचा. हातच्या नोंदीवर युनियनच्या सेक्रेटरीची सही लागते. माह्या एकट्याच्या हातात काही नाही."

किसनराव झोपाळ्यावर बसून ऐकत होते. "सही कोणाची हाये?" त्यांनी विचारलं.

"सुनीलची," अमर म्हणाला. "आणि काकू, जानेवारीत युनियनची निवडणूक हाये. सुनीलच्या विरोधात कोण उभं राहून राह्यलं, थे राखीले विचारा."

घरी येऊन इंदुताईंनी विचारलं. राखीने मान खाली घातली.

"मीच," ती म्हणाली.

३

सुनील राळेगावचा. केबिन क्रूमध्ये नऊ वर्षं, त्यातली पाच युनियनचा सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी तो राळेगावहून आणि इंदुताई नेरहून अशी यवतमाळच्या बसस्टँडवर कँटीनमध्ये गाठ पडली. तो उंच होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि बाकावर बसल्यावरही पाठ ताठ ठेवून होता. विमानात उभं राहण्याची सवय.

इंदुताईंनी वाकडं वळण घेतलं नाही.

"तेवीस तारखेच्या हातच्या नोंदीवर तुमची सही हाये. राखी तिथं नव्हती. मंग सही कशी केली?"

सुनीलने समोरचा आलुबोंडा बाजूला सरकवला. 

"ताई, मी सही नोंद पाहून करत नाही. मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडते. दर वेळी मी नागपुरात कुठून असणार? म्हणून मी कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवतो. दहा-दहा पानं. अमरच्या टेबलात असतात."

"कोऱ्या कागदावर?"

"हो."

 एसटीत असं एकदा झालं होतं आणि तिघे घरी बसले होते.

"हे चौकशीत सांगान?"

"सांगितलं तर सेक्रेटरीपद गेलं समजा. निवडणूक तर लांबच."

"नाही सांगितलं तर तिची नोकरी जाते."

सुनील रस्त्याकडे पाहत राहिला. दिग्रसची गाडी फलाटावर लागत होती आणि इंदुताईंना तीच धरायची होती. त्या उठल्या. पिशवी खांद्याला लावता लावता त्यांनी विचारलं, "लग्नाले तुम्ही होते काय?"

"होतो. भारतनं पत्रिका दिली होती."

"मंग त्या फोटोचं तुम्हाले काही माहीत असन."

सुनीलने उत्तर टाळलं नाही.

"तो फोटो मीच काढला, ताई."

४

दिग्रसच्या गाडीत इंदुताईंना खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या होत्या, मधूनच वेचणीची बाई कपाशीत वाकलेली. त्यांचं लक्ष वहीत होतं.

सुनीलच्या सांगण्याप्रमाणे त्याने फोटो काढला आणि त्याच दुपारी नागपूर बेसच्या ग्रुपवर टाकला. 'राखीच्या घरचं लग्न.' खाली बत्तीस जणांनी अंगठे दिले. म्हणजे तो बत्तीस जणांच्या फोनमध्ये होता, बबिताच्या आणि अमरच्याही. फोटो कोणी काढला याला महत्त्व उरलं नव्हतं. हैदराबादला धाडला कोणी, एवढंच पाहायचं होतं.

बबिताचा तांडा राखीच्या तांड्यापासून दीड कोसावर. स्टँडवरून ऑटोने इंदुताई तिथे पोचल्या तेव्हा बबिताची आई लालीबाई अंगणात तीळ पाखडत होती. बबिता घरात होती. नोकरीला तिला जेमतेम आठ महिने झाले होते आणि अजून ती कायम झाली नव्हती. रविवारी तिने कधी फोन केला नव्हता, पण इंदुताईंचं नाव तिला माहीत होतं.

"तेवीसले तू कोठी होती?" इंदुताईंनी विचारलं.

"रूमवर. नागपूरले. ताप होता." तिने तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या.

"लग्नाची बुंदी मीच आनली इच्यासाठी," लालीबाई बाहेरून म्हणाली. "संगतीनीच्या भावाचं लगन आन् पोरगी आली नाई. सारे इचारत होते."

"याडी, तू तुह्यं काम कर," बबिता आईला म्हणाली.

राखी आणि ती शाळेपासूनच्या. एका डब्यात जेवलेल्या. इंदुताईंनी तो विषय काढला नाही. खोटं बोलणारं माणूस कोंडलं की खोटं आणखी घट्ट धरतं, हे त्यांनी वेतन शाखेच्या खिडकीत बसून पाहिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"बरं. आता आलीच हावो, तर तुही स्लिप दाखव. पगार बरोबर येऊन राह्यला का, पाहून घेतो."

बबिताला हायसं वाटलं. तिने फोनवर स्लिप उघडून दिली. "मले त्यातलं काही समजत नाही, मावशी. मी खालचा आकडाच पाहतो."

इंदुताई पहिल्या ओळीपासून वाचत गेल्या. हमीचे सत्तर तास, बरोबर. एकोणीसला हैदराबाद मुक्काम, मुक्कामाचा भत्ता, बरोबर. बावीसला पुण्याची फेरी. तेवीसला सुट्टी. चोवीसला पहाटे साडेपाचची हजेरी, दिल्लीची फेरी, आणि त्याच ओळीत पुढे, तारा नसलेले, विश्रांतीभंगाचे तीन तास.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"बरोबर हाये काय?" बबिताने विचारलं.

"पगार बरोबर हाये," इंदुताई म्हणाल्या. "ही स्लिप मले पाठवून दे. वहीत उतरवून ठेवतो."

बबिताने पाठवली. ऑटोत बसताना इंदुताईंना स्वतःचं वागणं फारसं आवडलं नव्हतं. मदत करायच्या नावाने त्यांनी पोरीच्या हातातून पुरावा काढून घेतला होता. ते तिला सांगावं लागणार होतं. पण त्याआधी समोरच्या घरी जाणं भाग होतं.

५

तेरा तारखेला अमर पुन्हा घरी आला. संध्याकाळी किसनरावांच्या ओसरीत इंदुताईंनी दोन्ही स्लिपा, करार आणि वही टेबलावर मांडली. किसनरावांना त्यांनी मुद्दाम थांबवून घेतलं.

"अमर, मले एक सांग. रविवारी सुट्टी घेतली, सोमवारी कामावर आलो, तर विश्रांती मोडते काय?"

"नाही."

"बबिताची तेवीसले सुट्टी. रेकॉर्ड तसं म्हणते. ती बी तसंच म्हणते. मंग चोवीसले सकाळी तिले विश्रांतीभंगाचे तीन तास कायचे भेटले?"

अमरने स्लिप उचलली. त्याचे डोळे त्या ओळीवर थांबले आणि तिथून हलले नाहीत.

"चुकून आले असतीन."

"रोस्टर तू हातानं लिहितं. हा भत्ता कोणी लिहीत नाही. गेटवर कार्ड लागलं की पगाराचं मशीन आपोआप मोजते. आदल्या दिवशी आठ वाजता बाहेर, दुसऱ्या दिवशी साडेपाचले आत. साडेनऊ तास झाले. बबिता तेवीसले विमानतळावर होती. आणि गेट बी चालू होतं, बंद नव्हतं."

किसनरावांचा झोपाळा थांबला.

"तुले हा भत्ता काढून टाकता आला नसता," इंदुताई पुढे म्हणाल्या. "करारात कलम हाये. एकदा जमा झालेला भत्ता कर्मचाऱ्याच्या सहीबिगर काढता येत नाही. युनियननं भांडून घेतलेलं कलम हाये थे. तुह्या लक्षात राह्यलं नसन, कारण रोस्टरवाल्याले त्याचं काम पडत नाही."

"पण मी कायले करू असं?"

"तीन महिन्यांत पाचापेक्षा जास्त विश्रांतीभंग झाले, तर बेसच्या रोस्टरवाल्याची चौकशी लागते. हे बी करारातच हाये. बबिताचा सहावा असन. अदलाबदल मंजूर करताना तू तिची दुसऱ्या दिवशीची सकाळ पाह्यली नाही. चूक ध्यानात आली, तेव्हा तू महिना संपता संपता, ॲपवरून नोव्हेंबर जायच्या वेळी, अदलाबदलच पुसून टाकली. रोस्टरवर बबिता सुट्टीवर, विश्रांती शाबूत. पण मंग स्टँडबायची खुर्ची रिकामी दिसत होती. तिथं तू राखीले बसवलं, सुनीलच्या कोऱ्या सहीवर."

अमर हळूच म्हणाला, "सुनील बी हे करू शकते, काकू."

"नाही करू शकत. रोस्टर त्याच्या हातात नाही. आणि पत्राची तारीख पाह्य. पत्र तीन तारखेले हैदराबादले पोचलं. राखीची स्लिप आली सात तारखेले. फोटो बत्तीस जणाइनं पाह्यला. पण तेवीसले कागदावर राखीची हजेरी लागली, हे सातच्या आधी कोणाले माहीत होतं? खुद्द राखीले नव्हतं. बबिताले नव्हतं. ज्यानं लिहिलं, त्यालेच होतं."

 आत भांडी वाजली आणि थांबली.

"एवढंच मले समजलं नव्हतं," इंदुताई म्हणाल्या. "चूक झाकली होती. गुपचूप बसला असता तर दबून गेली असती. मंग पत्र कायले? दोन दिवस विचार केला. दुसरी कोणी असती तर खालचा आकडा पाहून चूप बसली असती. राखी बसणार नव्हती. तिनं विचारलं असतं, हे चार तास माह्ये नाहीत, कोणाचे हायेत? तिनं विचारायच्या आधी तुले तिले चोर ठरवायचं होतं."

अमरने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. बोलला तेव्हा आवाज साधा होता.

"हैदराबादची बढती होती, काकू. एक जानेवारीपासून. वाटलं, चौकशी होईन, तिले समज देतीन, सोडून देतीन. सस्पेंड करतीन असं वाटलं नव्हतं."

"बबिताले काय सांगतलं?"

"तू बिनविश्रांतीची उडाली हे कळलं तर तुले कायम करणार नाहीत म्हणून."

किसनराव उठले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"इंदुताई, हे तुम्ही पंधराले तिथं मांडणार?"

"मांडीन. पण त्याच्या आधी त्यानं सांगतलं, तर मले बोलाचं काम पडणार नाही."

त्यांनी कागद गोळा केले आणि गल्ली ओलांडून घरी आल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही समोरच्या घराचं दार उघडलं नाही.

६

चौदाला सकाळी इंदुताईंनी बबिताला फोन केला आणि तिच्या स्लिपचं काय केलं ते सांगितलं.  मग बबिता म्हणाली, "तुम्ही मले फसवलं, मावशी."

"हो," इंदुताई म्हणाल्या. "आता पुढचं ऐक. विश्रांती पाहून ड्युटी लावणं हे रोस्टरवाल्याचं काम हाये, तुह्यं नाही. करारात तसं लिहिलं हाये. पान एकोणचाळीस. तुले कोणी काढू शकत नाही. हे तू आधी विचारलं असतं, तर राखीले इथवर यावं लागलं नसतं."

पंधराला कंपनीच्या नागपूर ऑफिसात अकरा वाजता चौकशी सुरू व्हायची होती. राखी साडेनऊपासून बाकावर बसली होती, इंदुताई तिच्या शेजारी. सुनील आला आणि लांब उभा राहिला. बबिता आली, राखीच्या समोर थांबली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघींच्या मध्ये राखीची पर्स होती. थोड्या वेळाने राखीने ती उचलून मांडीवर घेतली.

पावणेअकराला किसनराव जिना चढून आले. त्यांच्यामागे अमर होता.

चौकशी चाळीस मिनिटं चालली. अमरने लिहून आणलेलं वाचून दाखवलं, त्यात काही लपवलं नव्हतं. सुनीलने कोऱ्या सह्यांचं स्वतः सांगितलं आणि सेक्रेटरीपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. बबिताने तेवीस तारखेला आपण दोन ते आठ खुर्चीवर बसलो होतो असं सांगितलं आणि ते सांगताना ती रडली. अमरला राजीनामा द्यावा लागला. इंदुताईंना कोणी काही विचारलं नाही. राखीचं निलंबन उठलं. चार तास तिच्या स्लिपमधून कापून बबिताच्या स्लिपमध्ये जमा करण्याचा आदेश निघाला. त्या कापणीच्या कागदावर, कलमाप्रमाणे, राखीची सही लागली आणि तिने ती वाचून केली.

परतीच्या गाडीत इंदुताईंना दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. किसनराव त्यांच्या मागच्या सीटवर एकटेच बसले होते. अमर नागपूरला खोली रिकामी करायला थांबला होता. सगळ्या रस्त्याने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चाळीस वर्षांत असा प्रवास झाला नव्हता.

नेरच्या स्टँडवर उतरून दोघं एकाच दिशेने चालू लागले, कारण घरं एकाच गल्लीत होती. गल्लीच्या तोंडाशी किसनराव थांबले.

"इंदुताई, त्याचा शेवटचा हिशेब निघन. रजेचे पैसे, नोटिशीचे पैसे. थे लोक बरोबर देतीन काय?"

"थो ऑफिसर होता, किसनराव. त्याले हा करार लागत नाही."

"थे माहीत हाये मले. म्हणूनच विचारलं."

इंदुताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्याच्या नेमणुकीचा कागद आणि शेवटच्या तीन स्लिपा पाठवाले सांगा," त्या म्हणाल्या. "रविवारी दहा वाजता फोन कर म्हणा. पहिल्या ओळीपासून पाहू."